गाव आकाशातून बघण्याआधी तारीख बघा

उपग्रहाच्या चित्रांबद्दल वाचकांचे प्रश्न सतत येतात. लाखांदूरकडचं नवं घर बांधून दोन उन्हाळे गेले तरी नकाशात अजून धानाची बांधीच का दिसते? गोसेखुर्दच्या पाण्यात गेलेलं आजोळ आता कुठे बघता येईल? कोक्याला जायचं आहे, तर जंगलातला रस्ता घरबसल्या कळेल का? शेजाऱ्याने धुरा कोरला हे चित्रावरून सिद्ध होईल का? प्रश्न वेगवेगळे असले तरी गोंधळ एकाच ठिकाणी होतो. समोरचं चित्र आत्ताचं आहे, असं आपण धरून चालतो.

प्रत्यक्षात तो कुठल्यातरी एका दिवशी, बहुधा सकाळी साडेदहाच्या सुमारास काढलेला फोटो असतो. शेजारचा तुकडा दुसऱ्याच वर्षाचा असू शकतो. म्हणून तुमचं काम काहीही असो, पहिला प्रश्न तारखेचा विचारा. भंडारा जिल्ह्यात तर हे जास्तच गरजेचं आहे, कारण इथलं दृश्य पाण्यावर चालतं. मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलाव, बोड्या, वैनगंगा, धान या सगळ्यांचा ऑक्टोबरातला रंग मे महिन्यात उरत नाही.

तारीख कुठे सापडते

गूगल मॅप्समध्ये उपग्रह दृश्य चालू केलंत तर तारीख दिसत नाही, फक्त तळाशी कंपनीचं नाव आणि वर्ष दिसतं. ते वर्ष स्वामित्वहक्काचं असतं, फोटोचं नव्हे. ही चूक फार जण करतात. फोटोच्या तारखेसाठी गूगल अर्थ उघडा, शक्यतो संगणकावर.

1. शोधपेटीत गावाबरोबर तहसील आणि जिल्हाही लिहा. पिंपळगाव किंवा खैरी एवढंच टाकलंत तर महाराष्ट्रात कुठेही जाऊन पोहोचाल.
2. चित्र जवळ आणा आणि खालच्या पट्टीत तारीख वाचा. थोडं सरकून पुन्हा वाचा. बदलली, तर तुम्ही दोन फोटोंच्या शिवणीवर आहात.
3. घड्याळाचं चिन्ह दाबा. जुन्या तारखांची पट्टी उघडेल. एकेक मागे जा.
4. हवी ती जागा खुणेने जतन करा, आणि त्या खुणेच्या टिपणात तारीखही लिहून ठेवा. महिनाभराने ती आठवणार नाही.

शिवणीची गंमत तलावांवर दिसते. अर्ध्या तलावात काठोकाठ पाणी आणि सरळ रेषेपलीकडे कोरडी माती, असं दिसलं तर कोणी तलाव बुजवलेला नाही. एक तुकडा हिवाळ्याचा आणि दुसरा उन्हाळ्याचा, एवढाच त्याचा अर्थ.

कोणत्या कामाला कोणतं साधन

एकच संकेतस्थळ सगळी उत्तरं देत नाही. चित्र जितकं बारीक, तितकं ते कमी वेळा बदलतं. रोज बदलणारं चित्र ढोबळ असतं. निवड या एका हिशेबावर करा.

- घर, विहीर, पांदण, देऊळ बघायचं असेल तर गूगल अर्थ. इथे एकटं झाडही ओळखू येतं, पण फोटो जुना असू शकतो.
- गेल्या आठवड्यात तलावात पाणी किती होतं हे हवं असेल तर कोपर्निकस ब्राउझर. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं तिथे फुकट बघता येतात आणि दर पाच दिवसांच्या आसपास नवं चित्र येतं. त्यातला एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा असतो, म्हणजे तलाव स्पष्ट दिसतो, घर दिसत नाही.
- आज जिल्ह्यावर ढग आहेत का, एवढंच हवं असेल तर नासाचं वर्ल्डव्ह्यू. चित्र रोजचं असतं, पण एवढं ढोबळ की वैनगंगासुद्धा रेघेसारखी.
- चाळीस वर्षांतला बदल बघायचा असेल तर गूगल अर्थची टाइमलॅप्स. ती 1984 पासूनची चित्रं एकामागोमाग दाखवते.
- सरकारी थर हवे असतील तर इस्रोचं भुवन. 2009 मध्ये सुरू झालेलं हे संकेतस्थळ दिसायला गूगलइतकं गुळगुळीत नाही, पण जमीनवापर, पाणलोट असे विषयवार नकाशे तिथे मिळतात.

रस्त्यावर उभं राहून बघण्याची सोय, म्हणजे स्ट्रीट व्ह्यू, भारतात 2022 मध्ये नव्याने सुरू झाली. नकाशाच्या कोपऱ्यातला पिवळा माणूस उचलल्यावर निळी रेघ उमटली तरच तो रस्ता टिपलेला आहे. गावाकडे बहुधा लोकांनी स्वतः चढवलेले गोल फोटोच सापडतील. देवळांचे भरपूर, बसस्थानकांचे थोडे.

सहलीआधी: चार ठिकाणं, चार सावधगिऱ्या

*आंभोरा.* वैनगंगा, कन्हान आणि आणखी तीन नद्यांचा हा संगम. देऊळ नागपूर जिल्ह्याच्या कुही तहसिलीत आहे, पलीकडचा काठ भंडाऱ्याचा. दोन्ही काठांना जोडणारा केबलचा पूल जानेवारी 2024 मध्ये खुला झाला. जुना फोटो उघडलात तर नुसतं पाणी दिसेल, मधला उघडलात तर अर्धवट खांब. रस्त्यांच्या रेघा मात्र चित्रापेक्षा वेगळ्या ठिकाणाहून येतात आणि वेगळ्या वेळी बदलतात. त्यामुळे चित्रात पूल नाही पण रेघ पाण्यावरून जाते, असंही दिसू शकतं. अशा वेळी रेघेवर विश्वास ठेवावा की चित्रावर? चित्राची तारीख जुनी असेल तर रेघेवर. तारीख ताजी असूनही पूल दिसत नसेल तर काठावरच्या कोणाला तरी फोन करा.

अंतराचंही बघा. मोजपट्टीच्या साधनाने दोन बिंदू जोडलेत की पाखराच्या वाटेचं अंतर मिळतं. वैनगंगेच्या काठावर ते फार फसवं असतं. समोरचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं, पण पूल दूर असेल तर गाडीला मोठा वळसा पडतो. पूर्वी तिथे डोंगा चालायचा, म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी ते गाव ‘जवळचंच’ असतं.

*कोका.* भंडाऱ्याजवळचं हे अभयारण्य 2013 मध्ये जाहीर झालं. चित्रात जंगलातल्या वाटा छान दिसतात आणि मोह होतो. पण दिसणारी वाट म्हणजे जाण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार अभयारण्यात विनापरवाना शिरता येत नाही. प्रवेश ठरलेल्या फाटकातूनच घ्यावा लागतो आणि पावसाळ्यात सफारी बंद असते. उपग्रह चित्राचा इथे खरा उपयोग वेगळा आहे. मार्च ते मे मधली चित्रं बघून कुठल्या पाणवठ्यात शेवटपर्यंत पाणी राहतं ते पाहा. तिकडच्या वाटेची सफारी मिळते का, हे वनविभागाला विचारताना ती माहिती कामी येते. पान गळलेल्या उन्हाळ्यातच वाटाही नीट दिसतात, कारण पावसाळ्यानंतर वरचं छत त्या झाकून टाकतं.

*आंबागड.* तुमसरच्या बाजूचा हा डोंगरी किल्ला. सपाट चित्रात त्याची चढण कळत नाही. गूगल अर्थमध्ये त्रिमिती चालू करा आणि दृश्य तिरकं करा. पायथ्यापासून दारापर्यंत वाटेची रेघ ओढलीत तर संगणकावरच्या आवृत्तीत उंचीचा आलेखही निघतो. बरोबर आई-बाबा असतील तर निघण्याआधी तो त्यांना दाखवा. तटबंदी बघायची असेल तर हिवाळ्यानंतरची चित्रं घ्या. पावसाळ्यानंतर हिरवाई सगळं गिळून टाकते.

*पवनी.* आकाशातून बघण्यासारखं जिल्ह्यातलं सगळ्यात बोलकं ठिकाण हेच, असं माझं मत आहे. गल्लीत उभं राहून शहराचा जुना आकार कळत नाही. वरून मातीच्या तटाची ओळ आणि खंदकाची खोलगट पट्टी शोधा. तट तीन बाजूंना, चौथ्या बाजूला नदी. एकदा ती कड दिसली की शहर किती जुनं असेल याचा अंदाज येतो. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये उत्खनन होऊन बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. टेकडी चित्रात साधीच दिसेल, तेव्हा आधी खूण करून ठेवा, नाहीतर प्रत्यक्षात बाजूने निघून जाल.

खड्डा की टेकडी?

तुमसर तहसिलीत डोंगरी बुजुर्गला मॉइलची मँगनीजची उघडी खाण आहे. चित्रात तिच्याकडे बघताना अनेकांना खड्डा फुगलेल्या टेकडीसारखा दिसतो. कारण सोपं आहे. आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय असते. चित्रात उत्तर वर असते, पण सकाळचा सूर्य आग्नेयेकडून येतो, त्यामुळे सावल्या वरच्या बाजूला पडतात आणि मेंदू उंच-सखल उलटं वाचतो. उपाय एका सेकंदाचा आहे. चित्र फिरवून दक्षिण वर आणा, खड्डा खाली बसेल.

जवळच्याच चिखल्याला खाण असूनही असा खड्डा दिसणार नाही, कारण तिथलं काम जमिनीखाली चालतं. वरून जे दिसत नाही ते तिथे नाही, असं समजू नका.

बुडालेलं गाव शोधताना

गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. पाणी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, टप्प्याटप्प्याने चढत गेलं. आज बॅकवॉटर भंडारा शहराच्या काठापर्यंत येतं. हा रेंगाळलेला काळ एका अर्थाने शोधणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. काही गावांवर पाणी येण्याआधी बारीक चित्रं काढणारे उपग्रह फिरू लागले होते. गूगल अर्थ 2005 मध्ये आलं, आणि त्याच्या साठ्यात त्या दशकातली चित्रं काही ठिकाणी आहेत. तुमच्या गावावर आहेत की नाहीत, हे पट्टी मागे सरकवल्याशिवाय कळणार नाही.

क्रम असा ठेवा:

1. आधी जागा नक्की करा. पुनर्वसन वसाहतीचं नाव बहुधा मूळ गावाचंच असतं, त्यामुळे शोधपेटी तुम्हाला नव्या गावठाणात नेईल. जुनी जागा जुन्या नकाशावर शोधा. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या मालिकेत भंडारा शहराचा भाग 55 ओ या क्रमांकात आणि पवनीचा 55 पी मध्ये येतो. अमेरिकी लष्कराने 1950 च्या दशकात छापलेले भारताचे ढोबळ नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यांत नदीची वळणं आणि मोठी गावं सापडतात.
2. अक्षांश-रेखांश लिहून घ्या. तेच आकडे गूगल अर्थच्या शोधपेटीत टाका. आता नाव चुकलं तरी फरक पडत नाही.
3. पट्टी मागे न्या. घरांची छपरं, विहिरी, पिंपळाचा पार दिसतो का बघा. दिसला तर चित्र लगेच उतरवून घ्या, तारखेसकट.
4. नाहीच दिसलं तर टाइमलॅप्स लावा. त्यातली जुनी चित्रं लँडसॅटची, 30 मीटरच्या ठिपक्याची. घर शोधू नका. गावठाण एका फिकट डागासारखं दिसेल आणि पाणी त्याच्याकडे कोणत्या वर्षी सरकलं एवढं कळेल.
5. आणखी मागे जायचं असेल तर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थ एक्सप्लोररवर शोधा. 1960 ते 1972 मधल्या कोरोना या हेरगिरी उपग्रहांचे फोटो 1995 मध्ये खुले झाले. तुमच्या भागावरून एखादी पट्टी गेलेली असेल तर आधी तिची नमुना-प्रत बघा. ढग नसतील तरच पुढे जा.

उन्हाळ्यातली चित्रं वेगळी काढून बघा. जलाशय खाली गेल्यावर जुन्या रस्त्याचा भराव, पुलाचा कठडा, गावठाणाचा उंचवटा कधीकधी पाण्याबाहेर येतो. मे अखेरचं सेंटिनेलचं चित्र आणि जुना नकाशा शेजारी ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत बसवा. नदीचं वळण त्यांना तुमच्याआधी ओळखू येईल.

एक फसगत मात्र इथे हमखास होते. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे या जलाशयात येतं आणि त्यावर जलपर्णी माजते. वरून ती हिरव्यागार शेतासारखी दिसते. कोपर्निकस ब्राउझरमध्ये दोन आठवड्यांच्या अंतराची दोन चित्रं बघा. ‘शेत’ जागा बदलत असेल तर ती जलपर्णी आहे.

पावसाळ्यात काय दिसतं?

जून ते सप्टेंबर बहुतेक ढगच दिसतात. कोपर्निकसमध्ये ढगांची टक्केवारी मर्यादित करण्याची सोय आहे, ती 20 वर ठेवून बघा. काहीच आलं नाही तर सेंटिनेल-1 निवडा. तो रडारचा उपग्रह आहे, ढगांतून आणि रात्रीही बघतो. त्याचं चित्र करडं असतं आणि शांत पाणी त्यात काळं येतं. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेला आलेल्या महापुराचा पसारा बघायचा असेल तर त्या तारखांचं रडार-चित्र आणि मे 2020 चं चित्र लावून बघा. फक्त एवढं लक्षात असू द्या की रोवणीसाठी पाणी भरलेल्या बांध्याही रडारला काळ्या दिसतात. भंडाऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये त्या सगळीकडेच असतात. काळं दिसलं म्हणून लगेच पूर ठरवू नका.

धानाचा हंगाम माहीत असेल तर चित्र वाचणं सोपं जातं. सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळं हिरवं, म्हणजे त्यातून काही कळत नाही. मार्च-एप्रिलचं चित्र उघडा. आजूबाजूला तपकिरी आणि मध्येच हिरवे चौकोन असतील तर तिथे उन्हाळी धान आहे आणि कालव्याचं, तलावाचं किंवा बोअरचं पाणी पोहोचतं आहे. बाहेर राहून गावच्या शेताची विचारपूस करणाऱ्यांसाठी हे महिने सगळ्यात उपयोगाचे.

धुऱ्याचा वाद आणि चित्राची मर्यादा

महाभूनकाशा संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक टाकला की तुमच्या गटाचा आकार दिसतो. तो उपग्रह चित्रावर ठेवून लोक शेजाऱ्याला दाखवतात, आणि भांडण वाढतं. असं करू नका. गावनकाशा मूळचा कागदी. तो चित्रावर बसवताना काही मीटर इकडेतिकडे सरकतो. चित्र स्वतःही थोडं सरकलेलं असू शकतं. धुरा मुळात दीड-दोन हातांचा!

- हद्दीचा निर्णय मोजणीनेच होतो. तहसिलीतल्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे अर्ज करा. अर्ज ऑनलाइनही करता येतो.
- चित्राचा उपयोग बदल दाखवण्यापुरता. पांदण रस्ता कधीपर्यंत मोकळा होता, बोडी कोणत्या वर्षी बुजली, विहीर आधीची की नंतरची, हे तारखेच्या चित्रांवरून दाखवता येतं.
- ते न्यायालयात द्यायचं असेल तर नुसती छापील प्रत चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीचं प्रमाणपत्र लागतं. वकिलांना आधीच विचारा.
- पीकनुकसानीत चित्र पंचनाम्याची जागा घेत नाही. तलाठ्याकडे नोंद करा, शेतात उभं राहून मोबाइलवर स्थान आणि वेळेसह फोटो काढा.
- बुडीत क्षेत्राची नेमकी हद्द किंवा संपादनाचे कागद हवे असतील तर माहिती अधिकार कायदा 2005 खाली विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात गावाबरोबर गट क्रमांक लिहा. ‘आमच्या गावची सर्व माहिती’ असं मोघम मागितलंत तर उत्तरही मोघम येईल.

चित्र इतरांना पाठवताना

खाली कोपऱ्यात छापलेलं कंपनीचं किंवा उपग्रहाचं नाव कापू नका. सेंटिनेलची चित्रं श्रेय देऊन कोणीही वापरू शकतो. गूगलची चित्रं घरच्या गटात पाठवणं वेगळं आणि पुस्तकात छापणं वेगळं. छापायची असतील तर त्यांच्या अटी वाचा.

संरक्षण खात्याच्या आवारांवर, मग तो जवाहरनगरचा आयुध निर्माणीचा परिसर का असेना, खुणा करून, नावं लिहून चित्रं फिरवू नका. सगळ्यांना दिसणारं चित्र बघणं ही एक गोष्ट झाली. त्यावर तपशील चढवून पसरवणं अंगाशी येऊ शकतं. अशा ठिकाणांजवळ ड्रोन तर अजिबात उडवू नका.

नकाशात गावाचं नाव चुकलं असेल, तलावाला भलतंच नाव दिलं असेल, तर गूगल मॅप्समध्ये बदल सुचवण्याची सोय आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर तर खातं उघडून तुम्ही स्वतःच दुरुस्ती करू शकता. मामा तलावांची नावं तिथे लिहिण्यासारखी आहेत. कोहळी समाजाने बांधलेले कितीतरी तलाव नकाशात नुसते निळे डाग म्हणून पडलेले आहेत, आणि त्यांची नावं गावातल्या म्हाताऱ्यांनाच माहीत आहेत. नाव देवनागरीत लिहा, गावात म्हणतात तसंच. स्वतःच्या घराची खूण सार्वजनिक करायची गरज नाही. ती जतन करताना ‘खासगी’ आहे ना ते बघा, आणि चुलत भावंडांना दुवा पाठवताना त्यांना फक्त बघण्याची परवानगी द्या, बदलण्याची नको.